डावा हात आणि चिकूची पेटी

माझ्या नातीचं सर्जन होणं एका चिकूच्या पेटीपायी बुडायला आलं होतं. पेटी मी भरली होती आणि मीच पोचवली होती. घरात आता हा प्रसंग हसत सांगतात. मुलगा सांगतो त्यात मी भोळी म्हातारी असते, सून सांगते त्यात मी हट्टी असते. मी दोन्ही नव्हते. आपल्याला कळतं असं मला वाटत होतं, एवढंच. म्हणून झालं ते मीच लिहून ठेवते. शाळा चौथीपर्यंतच झाली, पण चार ओळी सरळ लिहिता येतात.

आमची वाडी डहाणूला, आगरच्या बाजूला. चिकूची झाडं सासऱ्यांनी लावलेली. नवरा गेल्यावर वाडी मी बघितली, आता मुलगा बघतो. मुलाला एकच मुलगी. ती मुंबईच्या सरकारी कॉलेजातून डॉक्टर झाली. मग सरकारी नियमाप्रमाणे वर्षभर खेड्यात काम करायचं होतं, म्हणून २०१४ साली तिला तलासरी तालुक्यात उधव्याच्या बाजूला नेमलं. दर रविवारी घरी यायची. पहिले दोन महिने विंचू, ताप, बाळंतपणं असलं काहीबाही सांगायची. एका रविवारी आली आणि काहीच बोलली नाही. जेवण झाल्यावर पडवीत माझ्याशेजारी येऊन बसली.

लावणीच्या दिवसांत एक माणूस तिच्याकडे आला होता. त्याचा अंतर्गळ अडकला होता. आतडं बाहेर येऊन आवळलं होतं आणि तो ओरडत होता. तिथला दवाखाना लहान, तिथे ऑपरेशन होत नाही, ते त्याचं कामही नाही. हिने त्याला जीपमध्ये घातलं आणि गुजरातच्या हद्दीत मोठ्या दवाखान्यात नेलं. माणूस वाचला.

"वाचला ना? मग तोंड का असं?" मी विचारलं.

"आजी, काय कापायचं ते मला माहीत होतं. कुठे कापायचं तेही. पण मला ते करता येत नव्हतं. मी नुसती जीपमध्ये बसून त्याचा हात धरला."

"हात धरणं पण काम आहे."

"ते तूसुद्धा केलं असतंस."

खरं होतं.

त्या दिवसापासून तिने सर्जरीचं मनात घेतलं. सर्जरी शिकायची जागा मिळायला मोठी परीक्षा असते. ती दोनदा बसली. पहिल्यांदा काहीच मिळालं नाही. दुसऱ्यांदा मिळत होती ती मेलेल्या शरीरावर मुलांना शिकवायची जागा.

मुलगा म्हणाला, "घे की. डॉक्टर ती डॉक्टर. वर्गात शिकवशील, संध्याकाळी घरी येशील. स्थळंसुद्धा चांगली येतील."

"पप्पा, मला जिवंत माणसाचं पोट उघडून परत शिवायचंय."

"अगं, जेवताना तरी नको," सून म्हणाली.

मग अमेरिकेचं निघालं. ते मला पहिल्यापासून पटलं नाही आणि मी ते बोलून दाखवलं. इथे कापणारा माणूस नाही म्हणून रडलीस, आणि शिकायला तिकडे जाणार? ती म्हणाली, जिथे शिकवतील तिथे जाईन. मी विचारलं, जे इथे मिळालं नाही ते तिथे कसं मिळेल?

"तिथे आणखी कठीण आहे," ती म्हणाली. "आधी त्यांची मुलं. उरलं तर आम्ही, बाहेरून शिकून आलेले. त्यात सर्जरी तर कोणी सोडतच नाही. पण तिथे नुसते मार्क बघत नाहीत. तुमचं काम कोणी बघितलंय आणि तो तुमच्याबद्दल काय लिहितो, ते बघतात."

"म्हणजे ओळख लागते."

"ओळख नाही गं. चिठ्ठी."

"चिठ्ठी ओळखीशिवाय कोण देतं?"

ती हसली आणि आत गेली. तेव्हा नीट समजावलं असतं तर पुढचं टळलं असतं. पण हे मी आत्ता म्हणते. तेव्हा समजावलं असतं तरी मी ऐकलं असतं असं नाही.

दोन वर्षं ती परीक्षा देत होती. एक मुंबईत, आठ तास एका खुर्चीत बसून. एक तर अमेरिकेत जाऊनच द्यायची. तिथे नट आजारी असल्याचं सोंग घेऊन बसतात आणि त्यांना तपासायचं. उधव्याला खरे पेशंट व्हरांड्यात आडवे पडलेत आणि ही खोट्या पेशंटचं पोट दाबायला विमानाने गेली. मी तसं म्हटलं. ती म्हणाली, "आजी, तू बरोबर आहेस, पण मला पास व्हायचंय." पास झाली. मग २०१७ साली दोन महिने तिथल्या सर्जनांच्या मागे उभी राहून आली. पेशंटला हात लावायची परवानगी नाही, नुसतं बघायचं. त्यांच्याकडून तीन चिठ्ठ्या मिळाल्या. चिठ्ठ्या लिहिणारा परस्पर कॉम्प्युटरवर पाठवतो, आत काय लिहिलंय ते हिला दिसत नाही. आली की नावापुढे बरोबरची खूण होते, बस्स.

चौथी चिठ्ठी तिच्या कॉलेजातल्या सर्जरीच्या मोठ्या बाईंची. तीच खरी. अमेरिकेतल्यांनी हिला उभी असलेली बघितली होती. बाईंनी हिचे हात बघितले होते. टेबलाशी उभं करून टाके घालायला बाईंनीच शिकवलं होतं. नात म्हणायची, बाईंची चिठ्ठी नसेल तर बाकीच्या तीन रद्दीत घाला.

बाई हो म्हणाल्या होत्या. पण सप्टेंबर उजाडला तरी चिठ्ठी नव्हती. महिन्याच्या मध्याला अर्ज जायचे होते. उशिरा गेलेला अर्ज कोणी उघडतही नाही म्हणे. नात सकाळी उठली की आधी कॉम्प्युटर उघडायची. तीन खुणा. दुपारी तीन खुणा. जेवायला बसली की पान तसंच. सून म्हणाली, एकदा फोन कर. ती म्हणाली, एकदा आठवण केली आहे, परत केली तर बाई चिडतील. बाईंचा राग फार, असं तिच्याबरोबरचे सगळे म्हणायचे.

मी ते आठ दिवस बघितलं आणि मग ठरवलं.

आमच्याकडे कोणाकडे शब्द टाकायचा असला की आधी फळ जातं. विहिरीजवळचं झाड सगळ्यात जुनं, त्याचंच फळ. बेडणीने काढायचं. बेडणी म्हणजे लांब काठीला बांधलेली जाळी, तिच्यात फळ अलगद पडतं, जमिनीला लागत नाही. नखाने जरासं खरवडायचं. आत हिरवं दिसलं तर कच्चं. पिवळट दिसलं तर तयार, चौथ्या दिवशी पिकणार. पेटीत खाली गवत, मग फळ, वर परत गवत. मुलाला शाळेत घातला तेव्हा मास्तरांकडे अशी पेटी गेली. वाडीत वीज ओढली तेव्हा वायरमनकडे गेली. मुलाचं लग्न जमवणाऱ्याकडे गेली. त्यात कोणाला काही वाटलं नाही. पाकीट दिलं तर ती लाच. फळ म्हणजे फळ, असं मी धरून चालले होते.

पावसाळ्यात फळ कमी आणि डागाळलेलं. दोन दिवस झाडाखाली मान वर करून हिंडले तेव्हा एक पेटी भरली. घरी सांगितलं, रानशेतला बहिणीकडे जाते. व्यापाऱ्याचा टेम्पो आमच्याकडून माल घेऊन वाशीच्या बाजारात जातो. त्यात बसले. ड्रायव्हर ओळखीचा होता. माल उतरवून सकाळी त्याने मला बाईंच्या बिल्डिंगीखाली सोडलं. पत्ता नातीच्या फाइलमधून एका कागदावर उतरवून घेतला होता.

बाईंनीच दार उघडलं. माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी लहान असतील. हातात चहाचा कप, निघायच्या तयारीत.

मी कोणाची आजी ते सांगितलं. बाईंनी पटकन कप खाली ठेवला. "काय झालं? कोणी आजारी आहे का? बसा आधी."

"कोणी आजारी नाही. वाडीचं फळ आणलंय. पोरीच्या चिठ्ठीचं तेवढं बघा. चांगली लिहा."

बाईंचा चेहरा बदलला. "तिने पाठवलं तुम्हाला?"

"मी आले."

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. त्या फोनवर बोलत आत गेल्या. मी पेटी दाराच्या आत सरकवली आणि जिना उतरले. परतीच्या वाटेत ड्रायव्हरने वडा खाऊ घातला. काम झालं म्हणून मी दोन खाल्ले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पडवीत फळं निवडत होते. नात येऊन समोर उभी राहिली. हातात फोन होता.

"आजी, तू रानशेतला गेली होतीस?"

"हो."

"रानशेतला कितव्या मजल्यावर?"

मी हातातलं फळ खाली ठेवलं.

बाईंचा फोन आला होता. त्या म्हणाल्या, पत्र तयार होतं, रविवारी पाठवणार होते. आता पाठवलं तर ते पेटीनंतर गेलेलं पत्र होईल. कोणी मला विचारलं तर मी काय सांगू? मी लिहिणार नाही, तू दुसरं कोणी बघ.

नात ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती आत जाऊन कॉम्प्युटरसमोर बसली. बटणं दाबली नाहीत, नुसती बसली. अर्ज जायला सहा दिवस होते.

संध्याकाळी मुलाने मला धरलं. "आई, कोणी सांगितलं होतं तुला?"

"कोणी नाही."

"विचारायचं तरी! तीन वर्षं ती मरतेय अभ्यास करून."

"चिठ्ठी येत नव्हती."

"येणार होती! रविवारी येणार होती!" मग तो नातीला म्हणाला, "मी जातो. बाईंच्या पाया पडतो."

"पप्पा, आता या घरातलं कोणी तिथे जायचं नाही. कोणीही नाही. पाया पडणं म्हणजे दुसरी पेटीच झाली."

तिने दुसरे शिक्षक आठवून बघितले. एक बदलून गेले होते, एकांनी फोन उचलला नाही. एक म्हणाले, तूच लिहून आण, मी सही करतो. ते तिने केलं नाही. असे तीन दिवस गेले. त्या तीन दिवसांत ती मला वाईट शब्द बोलली नाही आणि चांगलाही नाही. मीठ मागायचं असलं तरी आईकडे मागायची.

चौथ्या दिवशी मी लुगडं बदललं आणि तिला म्हटलं, "मी पेटी परत आणायला चालले."

"आजी, नको."

"दिलेलं मी परत घेऊ शकते. ते तुला नाही जमणार, तुझ्या बापालाही नाही. दिलं मी आहे."

ती म्हणाली, "चिठ्ठीबद्दल एक अक्षर बोलायचं नाही."

"नाही बोलत."

हे मी पाळलं नाही.

या वेळी बाई संध्याकाळी भेटल्या. दमून आल्या होत्या, पायात अजून चप्पल होती. पेटी दाराच्या आत मी सरकवली होती तिथेच होती. फळ पिकून पुढे गेलं होतं. घरभर वास, पेटीवर चिलटं घोंघावत होती.

"पेटी न्यायला आले," मी म्हटलं.

"चार दिवस दारात आहे ही. मला आत घेता येत नाही आणि टाकून देता येत नाही. तुमचा पत्ताही माहीत नव्हता."

"चूक झाली. आमच्याकडे सगळ्यांना देतो आम्ही."

"सगळ्यांना म्हणजे कोणाला?"

मी सांगितलं. मास्तर, वायरमन, लग्न जमवणारा.

"आणि फळ घेऊन त्यांनी काम केलं नाही असं कधी झालं?"

मी आठवून बघितलं. "नाही. फळ घेऊन काम न केलेलं कोणी आठवत नाही."

"तेच तर," बाई म्हणाल्या.

तेव्हा मला कळलं. साठ वर्षं मी पेट्या भरल्या आणि त्या दारात उभं राहून मला कळलं. मला तोंड लपवावंसं वाटलं, पण लपवायला जागा नव्हती. मी वाकून पेटी उचलायला लागले. खालची फळी ओली होऊन फरशीला चिकटली होती. बाई वाकल्या आणि दुसऱ्या बाजूने त्यांनी जोर लावला. दोघींनी मिळून पेटी सोडवली. तेवढ्यात मी विचारून टाकलं.

"हात कसा आहे तिचा?"

"ते मी तुम्हाला सांगणं बरोबर नाही."

"नका सांगू."

बाईंनी फडकं आणून फरशी पुसली. पुसता पुसता म्हणाल्या, "उजवा चांगला आहे. डावा मात्र पुढे येतो आणि मध्येच थांबतो. कोणीतरी मारेल म्हणून थांबावा तसा. सर्जनला दोन्ही हात लागतात. तो का थांबतो ते मला कधी कळलं नाही."

"मी मारायची म्हणून."

बाईंनी मान वर केली.

"ती डावखुरी होती," मी म्हटलं. "ताटात डावा हात घातला की मी चापट मारायची. पेन्सिल डाव्या हातात धरली की चापट. हातात पळी असली तर पळी. शाळेत जायच्या आधी मी तिला उजवी केली. तिला आठवत नसेल. मला आठवतं."

बाई तिथेच खाली फरशीवर टेकल्या. मला वाटलं आता सगळंच गेलं, तर मग उरलेलं बोलून घ्यावं.

"तिला पेटीचं माहीत नव्हतं. खरं असेल ते लिहा. हात थांबतो हेही लिहा. पेटीचं लिहा, पळीचं लिहा. पण लिहा. चूक माझी आणि शिक्षा तिला, हे तुमच्या ऑपरेशनात चालतं का?"

"आमच्या ऑपरेशनात चूक कोणाचीही असो, शिक्षा पेशंटलाच होते," बाई म्हणाल्या. मग उठल्या आणि त्यांनी दार उघडलं. "पेटी सांभाळून न्या. रस गळतोय."

हो म्हणाल्या नाहीत, नाही म्हणाल्या नाहीत. रस माझ्या लुगड्यावर गळत घरापर्यंत आला. फळ गाईपुढे टाकलं.

दुसऱ्या दिवशी जेवताना मी नातीला सांगितलं, "डाव्या हाताने जेव."

"काय?"

"डाव्या हाताने जेव म्हणते ना."

मुलगा म्हणाला, "आई, आता हे काय नवीन? लोक काय म्हणतील?"

"लोक ऑपरेशन करणार आहेत का?"

मग मी सगळं सांगितलं. बाईंशी काय बोलले तेही, दिलेला शब्द मोडला तेही. नातीने तोंडातला घास गिळला नाही. तिला पळी खरंच आठवत नव्हती. ती आपल्या डाव्या हाताकडे बघत राहिली, मग तो ताटात घातला. भात तोंडापर्यंत जाईना, निम्मा खाली सांडला. मी काही बोलले नाही आणि सुनेलाही बोलू दिलं नाही. त्या दिवसापासून ती डाव्या हाताने जेवू लागली. माझ्याशी बोलायलाही लागली, पण आधी फक्त जेवणापुरतं. कपाटाच्या कडीला दोरा बांधून डाव्या हाताने गाठी मारायची. ती कडी आजही दोऱ्यांनी भरलेली आहे, उघडताना त्रास होतो.

अर्ज जायच्या आदल्या दिवशी चौथी खूण आली. कोणी पेढे आणले नाहीत. खूण आली म्हणजे चिठ्ठी आली, आत काय ते कोणाला माहीत? बाईंनी माझं ऐकून सगळं लिहिलं असेल तर? मीच लिहा म्हणाले होते. थंडीत फळ जोरात आलं. तोडायला माणसं लागली, पण माझं लक्ष तिथे नव्हतं.

अर्ज पुष्कळ ठिकाणी गेले होते. बोलावणं पाच ठिकाणांहून आलं. ती थंडीत परत अमेरिकेला गेली आणि एका गावाहून दुसऱ्या गावी बसने फिरली. एका सकाळी फोन आला.

"आजी, बाईंनी सगळं लिहिलंय."

"सगळं म्हणजे?"

"पेटी. परत नेलेली पेटी. डावा हात. पळी."

"पळीसुद्धा?"

"पळीसुद्धा. इथल्या म्हाताऱ्या सर्जनने मला चिठ्ठी वाचून दाखवली आणि विचारलं, हे चिकू म्हणजे कसलं फळ आहे?"

"मग गेलं म्हणायचं."

"माहीत नाही. तो हसला नाही. त्याने मला सुई-दोरा दिला आणि डाव्या हाताने गाठ मारायला सांगितली."

"मग?"

"मारली."

"थांबला का हात?"

"एकदा."

मार्चमध्ये निकाल. नात तोवर घरी आली होती. सोमवारी नुसतं कळतं, लागलं की नाही आणि किती वर्षांचं. कुठे ते शुक्रवारी. तिथे सकाळ असते तेव्हा आमच्याकडे जेवणाची वेळ. पानं वाढून झाकून ठेवली होती. नात कॉम्प्युटरसमोर, सून देवासमोर, मुलगा अंगणात फेऱ्या मारत होता. मी पाटावर बसून होते. मला कुठे हलायचं नव्हतं.

नातीने स्क्रीनवर वाचलं. परत वाचलं.

"लागलं," ती म्हणाली. आवाजात आनंद नव्हता. "पण एका वर्षाचं."

सर्जरी पाच वर्षं शिकायची असते. काही जागा पूर्ण पाच वर्षांच्या, काही एकाच वर्षाच्या. वर्षभर तेच काम करायचं, तेवढेच तास राबायचं, आणि वर्ष संपलं की दुसरी जागा मिळाली तर मिळाली. नाहीतर घरी. बाहेरच्यांना बहुधा ती एका वर्षाचीच देतात. शुक्रवारी कळलं, जागा त्या म्हाताऱ्या सर्जनकडचीच आहे.

"पेटी नसती तर पाच वर्षांची मिळाली असती का?" मी तिला सरळ विचारलं.

ती म्हणाली, "कदाचित. आणि डाव्या हाताचं कळलं नसतं तर कदाचित एकही नसती. आजी, मला माहीत नाही, आणि तुलाही कळणार नाही."

हे मला अजूनही कळलेलं नाही.

२०१८ च्या उन्हाळ्यात ती गेली. वर्षभर फोनवर दोनच गोष्टी सांगायची, किती झोपली आणि किती जेवली. दोन्ही कमीच. माझा प्रश्न एकच असायचा, पुढचं काय? ती म्हणायची, अजून नाही. थंडी गेली तरी अजून नाही. बरोबरच्या एकाने गाशा गुंडाळला, हे सांगताना तिचा आवाज बारीक झाला. २०१९ च्या मार्चमध्ये परत तसाच सोमवार आला. या वेळी ती तिथे होती आणि आम्ही इथे फोनभोवती बसलो होतो. फोन वाजला तर कोणी उचलेना. शेवटी मी उचलला.

"आजी, लागलं. पाच वर्षांचं."

मी फोन मुलाकडे दिला आणि मागच्या दारी जाऊन हातपाय धुतले. रडले वगैरे नाही. शुक्रवारी कळलं, जागा तिथेच, त्या म्हाताऱ्या सर्जनकडे.

ती परत येईल का, असं शेजारी विचारतात. म्हणते येईन. मी ते धरून चालत नाही. उधव्याला तसा दुसरा माणूस आला तर त्यालाही जीपमध्येच घालावं लागेल. तिला हे मी सांगितलं. ती म्हणाली, "मला आठवण आहे, आजी." ठीक आहे. आठवण आहे तर बघू.

त्या शुक्रवारनंतर दोन दिवसांनी मी नातीकडून बाईंचा नंबर घेतला. ती म्हणाली, "कशाला?" मी म्हटलं, "आता तुझं काही काम अडलेलं नाही ना त्यांच्याकडे?" "नाही." "मग दे."

बाईंनी आवाज ओळखला. निकाल त्यांना कळला होता. मी म्हटलं, "मार्च आहे. विहिरीजवळच्या झाडाला फळ चांगलं आलंय. आता पाठवलं तर चालेल का?"

बाई म्हणाल्या, "आता पाठवा. पण अर्धीच पेटी. मागच्या वेळची चिलटं जायला मला पंधरा दिवस लागले."

साठ वर्षांत मी अर्धी पेटी कोणाला पाठवली नव्हती. मोजून अर्धी भरली, आणि वाटेत फळ हलू नये म्हणून वरची जागा गवताने दाबून बसवली.